कोंबडीचे माहेर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझा विषय ऐकून काहीजणी पदराआड हसल्या, ते मी पाहिले. परंतु आपल्यापैकी कितीजणींच्या हाती स्वतःचा म्हणून जो चार पैसा येतो, तो अंड्यांचाच असतो. तेव्हा कोंबडीची थोडी विचारपूस करणे हे आपले कर्तव्यच आहे.

सुनेच्या सवयी समजून घ्यायच्या तर तिचे माहेर पाहावे. कोंबडीचे माहेर म्हणजे रान. तांबडा रानकोंबडा हा तिचा मूळपुरुष. सुमारे ३५०० वर्षांपूर्वी आग्नेय आशियात भातशेतीच्या आसऱ्याने तो माणसाजवळ आला, असे शास्त्रज्ञ म्हणतात. पण त्याचे पाय राखी. मग आपल्या कित्येक कोंबड्यांचे पाय पिवळे कसे? तो रंग भारतातील करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली संशोधनाने दाखवून दिले. हा करडा रानकोंबडा आपल्या सातपुड्यात, मेळघाटच्या जंगलात राहतो. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य त्याच व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. म्हणजे ही नातीगोती आपल्या दारापर्यंत आली! रानातली पाखरे व त्यांची अंडी यांना मात्र आपण हात लावू नये; १९७२ च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे.

आता हिचे चाळे पाहा. ताटलीत ज्वारी वाढली तरी ही पायाने उकरणारच, कारण रानात पालापाचोळा उकरल्याशिवाय दाणा, किडा, वाळवी मिळत नाही. चुलीच्या राखेत ती लोळते, ते अंगावरच्या उवा झाडण्यासाठी. संध्याकाळी उंच जागा शोधते, ती कोल्ह्या-मुंगसाच्या भयाने. अंडी घालते ती कडब्याच्या गंजीत लपून. खुडूक बसली की २१ दिवस जागची फारशी हलत नाही. कोंबडा तर दाणा सापडला की स्वतः न खाता कोंबड्यांना हाक मारतो. हे आपल्या घरच्या पुरुषांनीही पाहण्यासारखे आहे!

म्हणून तिला कोरडी माती व राख द्यावी, बसायला आडवी काठी द्यावी. ज्वारी-मक्याच्या चुरीबरोबर पालेभाजीचे देठ व शिंपल्यांचा चुरा द्यावा, म्हणजे अंड्याचे कवच पक्के होते. बुरशी आलेला दाणा देऊ नये. सरकीची पेंड गाईला चालते, पण हिला घातल्यास अंड्याचा बलक काळपट हिरवा पडतो.

भगिनींनो, आता माझी चूक सांगते. 'देशी कोंबडी काटक, तिला लस कशाला?' असे मीही म्हणत असे. तीन वर्षांपूर्वी मानमोडी आली. माना वाकड्या झाल्या, हिरवी हगवण लागली, आणि आठ दिवसांत १४ पैकी ११ कोंबड्या गेल्या. मुलीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यांच्यावरच अवलंबून होते. त्या सकाळी रिकाम्या खुराड्यापुढे मी किती वेळ बसले, ते मलाच ठाऊक.

मग विचार केला. रानात हिचे भाऊबंद लहान टोळ्यांनी, दूर दूर राहतात. आपण मात्र सगळ्यांना एका खुराड्यात कोंडतो आणि बाजारातून आणलेली नवी कोंबडी त्याच रात्री त्यांच्यात सोडतो. गर्दी आपण केली; तेव्हा राखणही आपणच केली पाहिजे. रानाने तिला शहाणपण दिले आहे, पण या रोगावर औषध दिलेले नाही.

पिल्लू ५ ते ७ दिवसांचे झाले की डोळ्यात लासोटा लशीचा थेंब घालतात. पुढची मात्रा पशुवैद्य सांगतील. अडचण एवढीच की, एका कुपीत निदान १०० मात्रा असतात आणि कालवल्यावर लस दोन तासांत संपवावी लागते. एकीच्या दहा पिल्लांसाठी कुपी कोण फोडणार? पण गल्लीतल्या दहाजणींनी एकच दिवस ठरवला, तर खर्च नाममात्र येतो. लस बर्फात आणावी, नवी कोंबडी काही दिवस वेगळी ठेवावी, आणि मेलेली नाल्यात न टाकता चुना घालून खोल पुरावी.

आपल्या मंडळाने हा दिवस ठरवावा, अशी माझी विनंती आहे. माझे अंगण पहिल्या दिवसासाठी मोकळे आहे. चहा माझ्याकडे, पिल्ले तेवढी टोपलीखाली झाकून आणा.