घरातला आवाज, शेजारचा कान
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



टीव्हीसाठी किंवा कॉम्प्युटरसाठी स्पीकर कसे निवडावेत, यावर मी चार शब्द बोलावेत असा कमिटीचा आग्रह. बँकेत उभा जन्म आकडे तपासण्यात गेला, म्हणून सुरुवात आकड्यांपासूनच करतो.

खोक्यावर ‘पीएमपीओ २००० वॉट’ असं ठळक छापलेलं असतं. त्याकडे बघू नका. बारीक अक्षरातला ‘आरएमएस’ आकडा शोधा. सतत किती ताकद मिळणार, ते तो सांगतो. कर्ज घ्यायला येणाऱ्यांना आम्ही सांगायचो, फ्लॅट रेट वेगळा आणि घटत्या शिल्लकेवरचा दर वेगळा. तसंच हे. शिवाय वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. आपल्या हॉलसाठी १५-२० आरएमएस वॉटची चांगली जोडी पुरून उरते. उरलेले पैसे एफडीत ठेवा!

आता मुख्य मुद्दा. आजकालचे टीव्ही पापडासारखे पातळ. त्यांचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. त्यात वय वाढलं की कान आधी उंच पट्टीतले आवाज सोडतो. स, श, फ ही व्यंजनं नेमकी तिथलीच. त्यामुळे बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाही. मग “काय म्हणाला रे तो?” असं आजोबा विचारतात. नातू एकदा सांगतो, दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा कंटाळतो. पुढे आजोबाच विचारायचं सोडतात आणि सगळ्यांमध्ये बसूनही एकटे पडतात. अशी घरं प्रत्येक विंगमध्ये आहेत.

म्हणून दुकानात धडधड वाजणाऱ्या गाण्यावर भुलू नका. मराठी बातम्या लावायला सांगा, एखाद्या नाटकातला प्रवेश लावा. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला बरोबर न्या, डोळे मिटून ऐकू द्या. शब्द स्वच्छ कळला तर तो स्पीकर आपला. तरीही कळत नसेल, तर कानाची तपासणी करून घ्या. स्पीकर काही श्रवणयंत्राचं काम करत नाही.

मांडणीही महत्त्वाची. दोन स्पीकर आणि आपली खुर्ची यांचा त्रिकोण व्हावा, तिन्ही बाजू साधारण सारख्या. उंच स्वरांचा छोटा स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. कॉम्प्युटरच्या टेबलावर जोडी ठेवलीत तर तिचं तोंड किंचित वर करा. टीव्हीला शक्यतो वायरनेच जोडा. ब्लूटूथवर कधीकधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो.

शेवटचा मुद्दा शेजाऱ्यांचा. उंच आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते. पण सबवूफरचा घुमारा स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. आपल्याला तो सिनेमा, खालच्यांना ती नुसती धडधड. कोपऱ्यात ठेवला तर आणखी घुमतो. तेव्हा फ्लॅटमध्ये दोन स्पीकरची साधी जोडीच बरी. सबवूफर हवाच असेल तर खाली जाड रबर किंवा फोम घाला आणि सामाईक भिंतीपासून लांब ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण नियमाचं पुस्तक काढायची वेळ कशाला येऊ द्यायची? दहावीचा मुलगा कोणाकडे आहे, तान्हं बाळ कोणाकडे आहे, हे आपल्याला ठाऊक असतंच की!

मंडळी, हॉल हलवणारा स्पीकर पैसे टाकले की कोणालाही मिळतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शब्द कळावा आणि शेजारच्या बाळाची झोप मोडू नये, असा स्पीकर बघून घ्यावा लागतो. तो तुम्ही घ्यावा, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!