तुकोजी आंगरे: सरखेलांचे वडील

तुकोजी आंगरे हे मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंगरे यांचे वडील. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या वस्तीवरून आंगरे हे नाव रूढ झाले, आणि पुढे मुंबईकर इंग्रजांनी त्याच नावाची धास्ती घेतली. एका लहान वाडीचे नाव असे कंपनीच्या दप्तरापर्यंत पोहोचले.

तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि खाडीकाठी जहाजबांधणी सुरू झाली. नव्या आरमाराला खलाशी मिळाले ते कोळी, भंडारी अशा दर्यावर्दी जातींतून. जलदुर्गांच्या शिबंदीवर मात्र भरवशाचा लष्करी माणूस लागे. दोनशे माणसांची सरदारकी असलेले तुकोजी अशा कामावर सुवर्णदुर्गात होते. ही सरदारकी मोठी नव्हे. दरबारातील मातब्बर घराण्यांपुढे तर ती अगदीच लहान.

सुवर्णदुर्ग हर्णैसमोर समुद्रात आहे. तटाचा काही भाग बेटाचाच कातळ तासून केलेला, काही मोठ्या चिऱ्यांनी रचलेला. महादरवाजाच्या पायरीवर कासव कोरले आहे आणि शेजारच्या तटावर मारुती. होडीतून उतरणाऱ्याची नजर आधी या दोघांवर जाते. किनाऱ्यावरच्या कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा या किल्ल्यांची त्याला पाठराखण आहे.

तुकोजी आणि अंबाबाई यांच्या पोटी १६६९ च्या सुमारास कान्होजींचा जन्म झाला. गुराब आणि गलबत यांतला फरक या मुलाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळेवर तोफा बसवलेली. गलबत हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की तेच गुराबेला ओढून नेई. भरती-ओहोटी, वाऱ्याची दिशा, खडकांच्या जागा हे सारे हर्णैच्या बंदरात डोळ्यांसमोर घडत होते. कान्होजींच्या पराक्रमाची चर्चा पुष्कळ होते, पण वडिलांची नेमणूक एखाद्या डोंगरी किल्ल्यावर झाली असती तर तो पराक्रम समुद्रावर घडला नसता. तुकोजींच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच मानायला हवी.

वडिलांमुळे मुलाची वाट ठरल्याचे दुसरे उदाहरण नेपोलियनचे. सुमारे शंभर वर्षांनी, १७६९ मध्ये, तो कॉर्सिका बेटावर जन्मला. त्याचे वडील कार्लो बोनापार्ट हेही लहानशा उमरावी घराण्यातले. त्यांनी फ्रेंच सत्तेशी जुळवून घेऊन मुलाला राजाच्या खर्चाने ब्रिएनच्या लष्करी शाळेत धाडले आणि १७८५ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, ते वारले. कान्होजींची लष्करी शाळा म्हणजे वडिलांचा किल्लाच.

त्या किल्ल्याची परीक्षा पुढे आलीच. सिद्दीच्या वेढ्यात किल्लेदार अचलोजी मोहिते फितूर होऊ लागले, तेव्हा तरुण कान्होजींनी किल्ला ताब्यात घेऊन लढवला, अशी परंपरा आहे. १६९८ मध्ये ते सरखेल झाले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी तह होऊन त्यांचे किल्ले आणि किनाऱ्यावरचा अंमल शाहू महाराजांच्या छत्राखाली मान्य झाला. कुलाब्याहून त्यांनी राज्यच केले. १७२९ मध्ये ते निवर्तले, तेव्हा उरणच्या दक्षिणेला थळसमोरची खांदेरी त्यांच्याच निशाणाखाली होती. १७१८ मध्ये मुंबईकरांनी ती घेण्याचा प्रयत्न केला होता, तो फसला.

उरण आणि करंजा तेव्हा पोर्तुगीजांकडे होते. ते घेतले तुकोजींच्या नातवाने. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेच्या काळात मानाजी आंगरे यांनी हा मुलूख मराठी अंमलाखाली आणला. १७८२ च्या सालबाईच्या तहात करंजा बेट साष्टी आणि घारापुरीबरोबर इंग्रजांकडे राहिले.