मुलाबाळांसह बिऱ्हाड हलविताना



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. धर्मांतर, राखीव जागा, गायरान जमिनी अशा मोठ्या विषयांवर येथे भाषणे होतात, आणि हा वकील मात्र किरायाची खोली कोणत्या वस्तीत घ्यावी हे सांगावयास उभा राहिला आहे! परंतु दरवर्षी मे महिना संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या माणसांत खटलेवाल्यांपेक्षा हाच प्रश्न घेऊन येणारी माणसे अधिक असतात. कोणाच्या हाती बदलीचा हुकूम पडलेला असतो, कोणी दोन एकर सोयाबीन भावाच्या स्वाधीन करून मुलांच्या शाळेसाठी वाशिमला येऊ म्हणत असतो. त्यांचा प्रश्न कायद्याचा नसतो. "साहेब, घर कोठे पाहू?" एवढाच असतो. त्या प्रश्नात आपल्या समाजाचा किती इतिहास दडलेला आहे, हे विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि मलाही.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. (इंग्रजांच्या वऱ्हाडात वाशिम हा जिल्हा होताच, तो १९०५ मध्ये मोडून अकोल्यात घातला गेला.) जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर बदलीची माणसे आली आणि नाक्यांच्या पलीकडे शेतांचे ले-आऊट पडू लागले. तरीही २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील ११,९७,१६० लोकांपैकी शंभरांत अठरा माणसेही शहरांत राहत नव्हती. याचा अर्थ असा की, शहरात किरायाने राहावयास येणारे आपले कुटुंब बहुधा त्या घराण्यातील पहिलेच असते. गावात घर कोणत्या बाजूला असावे हे त्याला कधी ठरवावेच लागलेले नसते. ते पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरविलेले असते. निवड ही गोष्टच त्याला नवी आहे.

अशा कुटुंबाला पहिला प्रश्न येतो तो, "पूर्ण नाव काय?" हा. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात, गावावरूनही झाला नाही तर "गावात घर कोणत्या अंगाला?" असे अगदी सहज विचारतात. मग घरमालकाला एकाएकी आठवते की, दिवाळीत त्यांचा पुतण्या राहावयास येणार आहे. नकाराची ही भाषा मोठी सभ्य असते. दिल्ली व तिच्या आसपासच्या शहरांत २०१२ मध्ये सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाड्याच्या घरांबाबत पाहणी केली. दूरध्वनीवरून विचारणा केली असता सवर्ण नावाच्या एकालाही नकार मिळाला नाही. दलित नावाच्या शंभरांपैकी सुमारे अठरांना सरळ नकार मिळाला, आणि आणखी कित्येकांना निराळ्या अटी सांगण्यात आल्या. मुसलमान नावांची अवस्था याहून वाईट होती. राजधानीत ही स्थिती, तर आपल्या नाक्यांवरची आपणच ओळखावी.

येथे मनात एक पळवाट येते, आणि तिच्याविषयीच मला आज मुख्यतः बोलावयाचे आहे. आडनाव गाळावे, वडिलांचेच नाव आडनाव म्हणून सांगावे, बाबासाहेबांची व बुद्धाची तसबीर ट्रंकेत ठेवावी आणि चांगल्या वस्तीत घर मिळवावे; पोरांचे कल्याण होईल! ज्यांच्या मनात हा विचार येतो त्यांना मी हिणवीत नाही. प्रत्यक्ष बाबासाहेबांवर हा प्रसंग आला होता. १९१७ साली कोलंबियाची विद्या घेऊन ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हावयास गेले, तेव्हा हिंदू खाणावळीत त्यांना थारा मिळणार नव्हता. म्हणून त्यांनी पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून जागा घेतली. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता. उत्तर आले नाही. अकराव्या दिवशी सकाळी दहाबारा पारशी काठ्या घेऊन दाराशी उभे राहिले. दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला. एक हिंदू होते; ते म्हणाले, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. दुसरे ख्रिस्ती होते. त्यांना पत्नीला विचारावयाचे होते. अखेर कामाठी बागेत पाच तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. हे सर्व त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

बाबासाहेब त्या वेळी एकटे होते. त्यांच्याबरोबर सात वर्षांची मुलगी असती, तर त्या अकरा दिवसांत तिला काय शिकवावे लागले असते? धर्मशाळेच्या माणसाने नाव विचारले तर काय सांगावयाचे, काय लपवावयाचे, घरी कोण येतात हे बाहेर बोलावयाचे नाही. मोठ्या माणसाला खोटे नाव सकाळी अंगरख्यासारखे चढविता येते व रात्री उतरविता येते. मुलाला ते जमत नाही. मूल शाळेत जाते, हजेरीत त्याचे खरे नाव पुकारले जाते, शिष्यवृत्तीच्या यादीत ते लागते, आणि त्याच वर्गात घरमालकाची नात बसलेली असते. जे घर मुलाच्या मौनावर उभे आहे ते चार दिवस आधी वा चार दिवस नंतर जाणारच. आणि जाताना मुलाला हे शिकवून जाते की, आपण कोण आहोत ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. सुंदर फरशीच्या व चोवीस तास पाण्याच्या घरासाठीही ही किंमत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून माझा पक्षकार घर पाहावयास निघाला की मी त्याला सांगतो, पहिल्याच भेटीत पूर्ण नाव सांगा आणि मुलांना बरोबर न्या. भिंतीला खिळा ठोकू नये अशी अट कोणी घातली तर ती चुन्याच्या काळजीने आहे की तसबिरीच्या, हे तेथल्या तेथे विचारून घ्या. नकार यावयाचा असेल तर सामान टेंपोत चढण्यापूर्वी आलेला बरा.

आता नकार आल्यास कायदा काय करतो? नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून ज्या बाबतींत निर्बंध लादणे गुन्हा आहे, त्यांत कोणत्याही वस्तीतील राहत्या जागेचे बांधकाम, संपादन वा वापर ही बाब स्पष्ट शब्दांत घातलेली आहे. आपल्यापैकी पुष्कळांना, आणि खेदाने म्हणावे लागते की माझ्या काही व्यवसायबंधूंनाही, हे ठाऊक नसते. शिक्षा एक ते सहा महिने कैद व शंभर ते पाचशे रुपये दंड. शिवाय कलम १२ प्रमाणे, अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडल्याचे सिद्ध झाले की ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. तसे नव्हते हे आरोपीने दाखवावयाचे. बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान १९९० च्या दुरुस्तीने मिळाले, तेव्हा हे संरक्षण धर्मांतराने गेले असे कोणी सांगू लागल्यास ऐकू नका. आणि घरात राहावयास गेल्यावर कोणी जातीवरून घर सोडावयास भाग पाडील, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाचे कलम ३ आहेच.

परंतु आपल्यापुढे कायद्याची पोथी वाचून टाळ्या घ्यावयास मी आलो नाही. पुतण्या येणार आहे असे म्हणणाऱ्या घरमालकाविरुद्ध पुरावा उभा करणे अवघड असते. त्याच दिवशी दुसऱ्याला ते घर दाखविले गेले, त्याचे नाव व तारीख आपल्याजवळ आहे, संदेश जपून ठेवला आहे, असे असेल तरच खटल्याला कणा येतो. अमेरिकेतील सेंट लुई शहरात सहा मुलांच्या शेली नावाच्या निग्रो दांपत्याने १९४५ मध्ये घर घेतले. तेथे काळ्या माणसाने राहू नये असा करार शेजारच्या मालकांनी १९११ मध्येच करून ठेवला होता. तो करार न्यायालयांनी अंमलात आणता कामा नये, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, आणि १९६८ मध्ये घरांतील भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदाही झाला. आपल्याकडे भाड्याच्या घरासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. उलट २००५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरतेच ठेवण्याचा नियम वैध ठरविला. त्या निकालाविषयी आदर ठेवूनही, त्याने इतरांना कोणता मार्ग दाखविला हे मला अस्वस्थ करते.

मग आपल्याच वस्तीत राहावे काय? या प्रश्नावर आपल्यात दोन तट आहेत आणि दोघेही बाबासाहेबांचे नाव घेतात. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, हे खरे. त्याच बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, हेही खरे. यात विसंगती पाहणाऱ्यांनी दोन्हींचे कारण पाहिलेले नसते. खेड्यात गावकुसाबाहेरचा माणूस भाकरीसाठी गावावर अवलंबून होता; ते अवलंबन तोडण्यासाठी वसाहत हवी होती. राजगृह हवे होते ते ग्रंथांसाठी व अभ्यासासाठी. प्रत्येक वेळी आधी गरज ठरली, जागा नंतर.

त्याहून जुने उदाहरण सुभेदार रामजींचे आहे, आणि मुलांना घेऊन गाव सोडणाऱ्या बापाने ते विशेष ध्यानात घ्यावे. साताऱ्याहून मुंबईस आल्यावर त्यांनी परळला डबक चाळीत एक खोली घेतली. वस्ती गिरणी कामगारांची, खोली धुराने व माणसांनी भरलेली. पण मुलगा पुढे एल्फिन्स्टन हायस्कुलात घातला. एका खोलीत अभ्यास होईना, तेव्हा मुलाला संध्याकाळीच निजवून पहाटे दोनला उठवीत. घराच्या प्रतिष्ठेवर त्यांनी पैसा घातला नाही; शाळेवर घातला.

म्हणून आपल्या लोकांच्या वस्तीत खोली घेण्यास कमीपणा मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. रात्री दोनला मूल तापाने फणफणले तर कोणाचे दार वाजवाल, हा प्रश्न लहान नाही. आई-वडील दोघेही नोकरीवर असतील तर शाळेतून आलेल्या मुलाला पाणी कोण देईल, हाही नाही. विहारात वाचनालय असेल, दहावीची पोरे तेथे रात्री बसत असतील, तर ती वस्ती मी चांगली म्हणेन, मग तिच्या फलकावर काहीही लिहिलेले असो. (वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२० च्या डिसेंबरात घेतला. फलक बदलण्यास रंगारी पुरतो.) पण भीतीमुळे तेथेच राहणे आणि विचाराने तेथे राहणे यांत अंतर आहे. जवळची शाळा ढिली असेल, संध्याकाळी रस्त्यावर दारू चालत असेल, मुलीला शिकवणीहून परतताना अंधार ओलांडावा लागत असेल, तर आपली माणसे आहेत म्हणून तेथे राहू नये. ज्या ले-आऊटमध्ये चार जातींची कुटुंबे आहेत आणि सायंकाळी सगळ्यांची पोरे एकत्र खेळतात, तेथे जावे. खेळतात की नाही, हे दलाल सांगणार नाही. संध्याकाळी सहाला स्वतः जाऊन उभे राहावे. त्याच फेरीत नळाला किती दिवसांआड पाणी येते तेही बायकांना विचारून घ्यावे.

वयाचाही विचार करा. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतील गरीब कुटुंबांना चांगल्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची मदत देण्यात आली व त्यांच्या मुलांचा मागोवा पुढे कित्येक वर्षे घेतला गेला. तेरा वर्षांच्या आत हललेल्या मुलांची कमाई तरुणपणी सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक निघाली; त्याहून मोठ्या मुलांना लाभ झाला नाही, उलट किंचित तोटाच दिसला. आपला देश वेगळा आहे, आकडा जसाच्या तसा उचलू नये. तरीही मुलगा नववी-दहावीत आल्यावर शहरात जाऊ म्हणणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे. जावयाचे असेल तर पहिलीच्या आधी जा.

आणि पहिलीच्या आधी जाण्याचे आणखी एक कारण कायद्यातच आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ याप्रमाणे खाजगी शाळांतील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठी असतात, आणि त्या केवळ प्रवेशाच्या पहिल्या वर्गात भरतात. अनुसूचित जातीला त्यात उत्पन्नाची अट नाही. प्रवेश देताना घरापासून शाळेचे अंतर मोजतात. एक किलोमीटरच्या आतला आधी. सरकारी शाळा जवळ असलेल्या खाजगी शाळांना यातून सूट देण्याचा प्रयत्न २०२४ मध्ये झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैत रद्द केला. तेव्हा शाळा आधी ठरवा आणि तिच्याभोवती घर शोधा. भाडेकरूचा पत्ता तेथे नोंदणीकृत भाडेकराराने सिद्ध करावा लागतो. मुद्रांकावरचे नोटरीचे कागद चालत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तो नोंदविलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. घरमालक टाळाटाळ करतील, कर लागेल म्हणतील. नोंदणीचा खर्च आपण अर्धा उचलू असे सांगून पाहा, बहुतेक वळतात.

मधल्या वर्गातल्या मुलाचा जुन्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला, एवढ्यावरून नव्या शाळेला प्रवेश अडविता येत नाही. कलम ५ त्यासाठीच आहे. मुख्याध्यापकांना ते नम्रपणे दाखवावे.

राहिले करारावरच्या सह्यांचे. त्यास दोन साक्षीदार लागतात. आपले लोक दोघेही नात्यातले नेतात. एक नात्यातला न्या. दुसरा मात्र ज्या घरात राहावयास जाणार त्याच्या शेजारचा मिळतो का पाहा. त्याच्या दारी जाऊन पूर्ण नाव सांगा, मुलांची ओळख करून द्या आणि सहीसाठी येता का म्हणून विचारा.