विजेची सायकल आणि विम्याचे छत्र



बेळगावच्या टिळकवाडीतून सायंकाळी खडेबाजाराकडे निघालेल्या वाहनांत अलीकडे एक नवे वाहन दृष्टीस पडू लागले आहे. त्याला धूर नाही, आवाज नाही आणि मागे नंबरपट्टीही नाही. चालविणारा कधी महाविद्यालयात जाणारा मुलगा असतो, तर कधी गुडघे कुरकुरू लागल्यामुळे साधी सायकल सोडून दिलेला सेवानिवृत्त गृहस्थ. विजेच्या सायकलीचे हे आगमन स्वागतार्हच आहे. तथापि ती विकत घेताना दुकानात जे एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते, त्याचा थोडा विचार व्हावयास हवा. “लायसन्स नको, पासिंग नको, विमा नको,” हे ते वाक्य. ते बव्हंशी खरे आहे आणि म्हणूनच फसवे आहे.

मोटारीचा विमा सक्तीचा करण्याची तरतूद आपल्याकडे १९३९ च्या कायद्यात आली व १ जुलै १९४६ पासून ती अमलात आली. तिचा हेतू मोटारमालकाचे कल्याण हा नव्हता. रस्त्याने जाणारा जो तिऱ्हाईत मोटारीखाली सापडेल, त्याला किंवा त्याच्या मागे राहिलेल्या माणसांना मालकाच्या ऐपतीकडे डोळे लावून बसावे लागू नये, हा तिचा हेतू होता. १९८८ च्या कायद्याचे १४६ वे कलमही तेच सांगते. मात्र ही सक्ती ‘मोटारवाहना’पुरती आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ज्या गाडीच्या विद्युत्‌यंत्राची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि वजन बॅटरी वगळून ६० किलोपर्यंत, ती मोटारवाहन ठरत नाही. पायडलच्या सायकलीस विजेची केवळ साथ असेल, तर ती साथ २५ किलोमीटरचा वेग येताच, किंवा पाय थांबताच, बंद पडली पाहिजे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्य संस्थेने गाडीचा हा नमुना तपासलेला असावा लागतो.

आता अपघाताचा विचार करू. मालमोटारीने सायकलस्वारास धडक दिली, तर मालमोटारीचा विमा त्याच्या कामी येतो. सायकलस्वाराने स्वतः विमा उतरविलेला नसला, तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे दार त्याला उघडे आहे. धडक देणारा पळून गेला आणि सापडलाच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये देण्याची योजना आहे. इथवर ठीक आहे.

पण हीच विजेची सायकल दुसऱ्यावर आदळली तर? भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या वृद्ध बाईंना तिची चाहूल लागत नाही. पन्नासएक किलोचे वाहन आणि त्यावरचा माणूस ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने अंगावर आल्यावर खुब्याचे हाड मोडावयास वेळ लागत नाही. शस्त्रक्रिया होते, घरी माणूस ठेवावा लागतो. त्या बाईंनी भरपाई मागावयाची कोणाकडे? वाहन मोटारवाहन नसल्यामुळे त्यांना न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. दिवाणी दाव्याचा लांब रस्ता तेवढा उरतो; आणि दाव्याचा निकाल त्यांच्यासारखा लागला, तरी पैसे यावयाचे ते त्या सायकलस्वाराच्या खिशातून. तो बहुधा सज्जन असतो आणि देण्याची त्याची इच्छाही असते; पण निवृत्तिवेतनातून तो किती देणार? कायद्याने दिलेली सूट त्याला दंडापासून वाचविते, या देण्यापासून वाचवीत नाही.

त्याहून वाईट अवस्था गती वाढवून घेणाऱ्यांची. काही दुकानदार वेगाचा अटकाव काढून देतात आणि गाडी चाळिसाच्या पुढे पळू लागते. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०२२ मध्ये अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध तपासणीची मोहीम काढली होती. गाडी मर्यादेबाहेर गेली की ती मोटारवाहन होते. मग नोंदणी, परवाना, विमा सारेच लागू होते. विम्यावाचून ती रस्त्यावर आणल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि अशा गाडीची नोंदणीच झालेली नसल्यामुळे तिचा थर्ड पार्टी विमा उतरविण्याची वाटही बंद असते. वास्तविक वेगच हवा असेल, तर नोंदणी होणारी विजेची दुचाकी घ्यावी. २०२२ च्या दरपत्रकात तीन किलोवॉटपर्यंतच्या अशा गाडीचा थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ता ४५७ रुपये होता.

स्वार स्वतःच खड्ड्यात पडला, तर? पावसाळ्यात हे काही दुर्मिळ नाही. बँकेत खाते असणाऱ्या १८ ते ७० वर्षांच्या कोणालाही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत सहभागी होता येते. अपघाती मृत्यू वा संपूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास दोन लाख, अंशतः कायमचे अपंगत्व आल्यास एक लाख मिळतात. मात्र पाय मोडून तो जुळला, तर रुग्णालयाच्या खर्चापोटी या योजनेतून काही मिळत नाही. त्यासाठी आरोग्य विमा निराळाच लागतो.

काही विमा कंपन्या सायकलीचे स्वतंत्र विमापत्र देतात. ते घेताना दोन प्रश्न लेखी विचारावेत: विजेची सायकल यात बसते काय, आणि दुसऱ्यास झालेल्या इजेची जबाबदारी कंपनी घेते काय? नुसत्या चोरीच्या विम्याने त्या वृद्ध बाईंचे काही भले होत नाही. घरोघरी जेवण पोचविणाऱ्या मुलांनी तर आपला धंदा विमा कंपनीस आधीच सांगून ठेवावा. घरगुती वापरासाठी म्हणून घेतलेले विमापत्र नेमक्या वेळी नाकारले जाण्याचा संभव असतो.

आणि खरेदीचे बिल, तसेच दुकानातून मिळणारी तपासणीच्या प्रमाणपत्राची प्रत, हे दोन कागद जपून ठेवावेत. पोलीस ठाण्यात वा विमा कंपनीत गाडी मोटारवाहन की सायकल हा प्रश्न निघालाच, तर उत्तर त्या कागदांतच असते.