गाडीचे पासिंग : कधी करावे, कोठे करावे

आज मी गाडीच्या पासिंगविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, मास्तरांना गाडीतले काय कळते? खरे आहे. मला गाडी चालवता येत नाही. पण कागद वाचता येतो. आता तो तुम्हांलाही वाचता येतो. म्हणून हा विषय तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

पुरंदर तालुक्यातल्या एका गावी आपला साक्षरतेचा वर्ग चालू होता. वर्गाला एक बाई येत. वय पन्नाशीच्या पुढचे. त्यांच्या मालकांची एक पिकअप गाडी होती. गावचा वाटाणा, अंजीर, सीताफळ असा माल ते संध्याकाळी भरत. रात्री दिवे घाट उतरत आणि पहाटेच्या आत पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल पोहोचवत. आठवड्यात तीन-चार फेऱ्या होत.

एके दिवशी मी वर्गात सांगितले, "उद्या येताना घरातला कोणताही एक कागद आणा. आपण तो वाचू." दुसऱ्या दिवशी कोणी रेशनकार्ड आणले, कोणी विजेचे बिल आणले. या बाईंनी गाडीच्या कागदांची पिशवीच आणली. एकेक आकड्यावर बोट ठेवून त्या वाचू लागल्या. वाचता वाचता थांबल्या.

"गुरुजी, ह्या कागदावर दोन तारखा हायत. एक आधीची, एक नंतरची. पण नंतरची सुद्धा मागं पडली की!"

मी चष्मा लावून पाहिले. बाईंनी अगदी बरोबर वाचले होते. तो गाडीच्या योग्यतेचा दाखला होता. आपण ज्याला पासिंग म्हणतो तोच. त्याची मुदत संपून तीन महिने झाले होते.

संध्याकाळी मालकांना बोलावले. ते म्हणाले, "नाही हो गुरुजी. पासिंग दोन वर्षांनी असतं. अजून वरीसभर काळजी नाही."

"कागद काय म्हणतो?" मी विचारले.

ते गप्प झाले. त्यांनी तो कागद कधी वाचलाच नव्हता. गाडी नवी होती तेव्हा पासिंग दोन वर्षांनी येत असे. तेच त्यांच्या मनात बसले होते. पण गाडीला आठ वर्षे पुरी झाली आणि पुढचा दाखला एकाच वर्षाचा मिळाला. हा फरक कागदावर छापलेला होता. तो वाचायला घरात कोणी नव्हते.

त्यात आषाढी जवळ आली होती. गावच्या दिंडीचे सामान याच गाडीतून जायचे होते. भांडी, तंबू, शिधा, सगळे. माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्या वाटेवर गाडीच्या पुढे माणूस आणि मागेही माणूस असतो.

मालक चांगले होते. बायको बोलली म्हणून रागावले नाहीत. त्यांनी तारीख घेतली आणि गाडी तपासणीला नेली. गाडी नापास झाली! ब्रेक दाबला की ती एका बाजूला ओढत होती. गॅरेजमध्ये मिस्त्रीने मागचे चाक खोलले. लायनर झिजून पत्र्याला लागले होते. चाकाच्या सिलिंडरातून ब्रेक ऑइल झिरपत होते. मिस्त्री म्हणाला, "मामा, असा माल भरून तुम्ही घाट उतरत होता?"

मालक मटकन खाली बसले. तीन महिने ते रोज मरणाच्या शेजारी बसून गाडी हाकत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता.

मंडळी, हे मी तुम्हांला घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण त्याच दिवे घाटात काय घडले ते आठवा. नोव्हेंबर २०१९ मध्ये संत नामदेव महाराजांची दिंडी पंढरपुराहून आळंदीला चालली होती. घाटात एक जेसीबी दिंडीत शिरला. नामदेव महाराजांचे वंशज सोपान महाराज नामदास आणि आणखी एक वारकरी गेले. कित्येक जण जखमी झाले. जेसीबीचे ब्रेक निकामी झाले होते, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. तोंडी नाम घेऊन चाललेली माणसे ती. त्यांचा काय दोष?

म्हणून पासिंग म्हणजे सरकारी कटकट असे समजू नका. पासिंग म्हणजे गाडीची वैद्यकीय तपासणी. बैलाचा खूर दुखत असेल तर आपण त्याला औताला जुंपत नाही. गाडीला दुखले तर ती सांगत नाही. तिला तपासावे लागते.

पासिंग कधी करावे?

आता नियम सांगतो. सावकाश ऐका.

ज्या गाडीवर भाडे किंवा धंदा चालतो, तिला पासिंग लागते. टेम्पो, पिकअप, मालट्रक, रिक्षा, वडाप, शाळेची बस या सगळ्या त्यात आल्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हे सांगितले आहे. दाखला नसेल तर गाडीची नोंदणीसुद्धा कायद्याने चालू धरली जात नाही.

नवी गाडी घेतली की पहिली दोन वर्षे दाखला असल्याचे धरतात. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग करावे लागते. आठ वर्षे झाली की दर वर्षी. माणसाचेही तसेच आहे. तरुणपणी डॉक्टरकडे क्वचित जातो, वय झाले की वरचेवर जावे लागते.

घरच्या वापराची मोटार आणि मोटारसायकल यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पंधरा वर्षे झाली की गाडी तपासून नोंदणी पुढे चालू करून घ्यावी लागते. ती पाच वर्षांसाठी मिळते. मग पुन्हा तपासणी.

आणखी एक घोटाळा लोक करतात. पेट्रोल पंपाजवळ धूर तपासून जो कागद मिळतो, त्याला पीयूसी म्हणतात. तो वेगळा. पीयूसी धुराचे, पासिंग सगळ्या गाडीचे. एक आहे म्हणून दुसरे नको, असे होत नाही.

मुदत संपायच्या दिवसाची वाट पाहू नका. एक महिना आधी तयारीला लागा. गाडीत काही दोष निघाला, तर दुरुस्तीला वेळ मिळतो आणि धंदा बुडत नाही. मुदत गेल्यावर गेलात तर जादा पैसे भरावे लागू शकतात. रस्त्यावर पकडले तर पहिल्या वेळी पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि देव न करो, पण अपघात झालाच, तर विम्याच्या पैशांसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

पासिंग कोठे करावे?

आधी गाडीची पाटी वाचा. एमएच १२ म्हणजे पुणे. एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड. एमएच ४२ म्हणजे बारामती. पुण्याची आरटीओ कचेरी संगम पुलाजवळ आहे. पण गाडी तपासायला तेथे नेऊन उभी करू नका. ब्रेक तपासायला लांब, मोकळी वाट लागते. दाखला देण्यापूर्वी गाडीचे ब्रेक २५० मीटर लांबीच्या वाटेवर पळवून तपासावेत, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाने त्याबद्दल सरकारला बजावले. तशी वाट सासवड रस्त्याला दिवे येथे केली गेली. आता यंत्रावर गाडी तपासणारी केंद्रेही उभी राहत आहेत. म्हणून शेजाऱ्याने कोठे केले होते, यावर जाऊ नका. आपल्या चिठ्ठीवर कोणती जागा छापली आहे ते वाचा आणि तेथेच जा.

ही चिठ्ठी कशी मिळते? सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर अर्ज करायचा, पैसे भरायचे आणि तारीख घ्यायची. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर हे करू शकेल. नाहीतर गावच्या सेवा केंद्रात जा. मोबाईलवर संदेश येतो, म्हणून गाडीच्या नोंदणीत आपलाच चालू नंबर असावा. एजंट धरलाच पाहिजे असे नाही. धरला, तरी त्याने दिलेला कागद स्वतः वाचल्याशिवाय खिशात घालू नका.

बरोबर हे कागद घ्या : नोंदणीचे आरसी, विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती, जुना दाखला, आणि गाडीला परवाना लागत असेल तर तोही.

तपासणीत काय पाहतात?

ब्रेक, स्टिअरिंग, पुढचे दिवे, मागचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, आरसे, वायपर, टायर, नंबरची पाटी आणि अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या पाहतात. सांगाड्यावरचा नंबर कागदाशी जुळवून बघतात. हे सगळे घरीच एकदा पाहून जावे. एकाने गाडीत बसावे, दुसऱ्याने मागे उभे राहून दिवे बघावेत. घरच्या बाईलाही हे काम जमते.

टायरची एक खूण सांगतो. टायरच्या खाचेत तळाशी लहान लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की तो संपला, असे समजावे. मग पावसात तो रस्ता धरत नाही.

काही लोक पासिंगपुरते दुसऱ्याचे चांगले टायर लावतात आणि दाखला मिळाला की आपले गुळगुळीत टायर पुन्हा चढवतात. त्यांना वाटते, साहेबाला फसवले. अहो, साहेब संध्याकाळी आपल्या घरी जातो. घाट उतरायचा असतो तुम्हांला! घाटात कागद ब्रेक लावत नाही.

घाटाचे नाव निघाले म्हणून आणखी एक सांगतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करू नका. मोठ्या मालट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो आणि ती हवा इंजिन भरते. इंजिन बंद केले की हवा भरणे बंद. लहान गाडीतही इंजिन बंद केले की ब्रेकचे पॅडल जड होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालट्रकने वीसपेक्षा जास्त वाहनांना ठोकर दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे तपासात पुढे आले. चार पैशांचे डिझेल वाचवायला गेले आणि केवढा अनर्थ झाला! उतारावर खालचा गिअर टाका. सारखा ब्रेक दाबून ठेवला की लायनर तापते आणि ब्रेक लागेनासा होतो.

गाडी नापास झाली तर?

तर भांडू नका आणि लाजूही नका. कोणाच्या हातावर काही ठेवायला तर मुळीच जाऊ नका. दाखला नाकारला तर त्याची कारणे लेखी द्यावीत, असे कायदाच सांगतो. तो तुमचा हक्क आहे. कारणे लिहून मागा, वाचा, तोच कागद मिस्त्रीपुढे ठेवा. नेमके तेवढे दुरुस्त करा आणि गाडी पुन्हा दाखवा.

त्या पिकअपवाल्या मालकांनी असेच केले. नवे लायनर, नवे सिलिंडर बसवले. दुसऱ्या वेळी गाडी पास झाली. दिंडीचे सामान वेळेवर निघाले. निघताना मालकांनी नवा दाखला बाईंच्या हाती दिला आणि म्हणाले, "घे, वाच. कधीपर्यंत आहे?"

बाईंनी तारीख वाचली. मग कोळसा घेऊन ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिली. त्या घरात आता पासिंगची तारीख चुकत नाही.

बंधू-भगिनींनो, आपण अक्षरे शिकलो ती कशासाठी? सही करण्यापुरती नव्हे. आपल्या घरच्या माणसाचा आणि वाटेवरच्या परक्या माणसाचा जीव त्या अक्षरांनी वाचू शकतो. आज घरी गेल्यावर गाडीचे कागद काढा. तारीख वाचा. भिंतीवर लिहा.

 

ध्यानात ठेवा

१. धंद्याची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग. त्यानंतर दर वर्षी.

२. घरची गाडी पंधरा वर्षांनी तपासून घ्यावी. पुढे दर पाच वर्षांनी.

३. पीयूसी वेगळे, पासिंग वेगळे.

४. चिठ्ठीवरची तारीख आणि जागा स्वतः वाचावी.

५. गाडी नापास झाली तर कारणे लेखी मागावीत.

६. पास झालेल्या गाडीचेही ब्रेक आणि टायर वर्षभर पाहत राहावेत.