मालक, डॉक्टर काय म्हणाले?



 परिषदेसाठी सोलापुरात आलेल्या तुम्हा प्राध्यापक, निवासी डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या पिशवीत एक चादर आणि शेंगाचटणीचं पाकीट ठेवलंय. चटणी जरा जपून खा. सभागृहात पोटविकारतज्ज्ञ भरपूर आहेत, पण त्यांना दोन दिवस कामाला लावायचा आमचा विचार नाही.

मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा कारखाना आहे. डॉक्टरांच्या परिषदेला यंत्रमागवाला स्वागताध्यक्ष कशाला, असं मी संयोजकांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्या ऑफिसात जे चालतं तेवढंच सांगा. तर ते असं: कामगार दवाखान्यातून थेट माझ्या टेबलाशी येतो, केसपेपर पुढे सरकवतो आणि विचारतो, "मालक, डॉक्टर काय म्हणाले?" म्हणजे डॉक्टरांना भेटला हा, तपासून आला हा, गोळ्याही आणल्या, आणि आपल्याला झालंय काय हे विचारायला आला एका बी.कॉम. झालेल्या माणसाकडे!

आमच्याकडे कांड्या भरणाऱ्या एका बाईंना टीबी झाला. सहा महिन्यांचं औषध. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगात ताकद आली आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. उरलेली पाकिटं पदरात बांधून माझ्याकडे आल्या. परत करून पैसे मिळतील का विचारायला. त्या गोळ्या सरकारी, फुकट मिळालेल्या, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, हिंदीत, आणि पुढचा पेशंट दारात उभा असताना. बाई घरी तेलुगू बोलतात. त्यांच्या मनात एकच प्रश्न होता: नातीला मांडीवर घेऊ का नको? तो विचारायचा राहून गेला, म्हणून बाकीचं काही डोक्यात शिरलं नाही.

सोलापुरात हे रोजचं आहे. पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोटकडून येणाऱ्याची कन्नड, कुणाची उर्दू, कुणाची मराठी. याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि तिथल्या रुग्णांची भाषा शिकले. १९४२ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. भय्या चौकात त्यांच्या घरी स्मारक आहे. वेळ काढून जरूर जा. त्यांना चिनी जमली. आपल्या इंटर्नला "कुठं दुखतंय, किती दिवस झाले, भीती कशाची वाटते" एवढं तेलुगूत आणि कन्नडमध्ये जमायला काय हरकत आहे?

संयोजकांनी मला वाचायला बरेच कागद दिले. १९८४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला अडवतात, असं आढळलं होतं. २०१७ साली ६७ देशांची आकडेवारी एकत्र छापून आली. तिच्यात स्वीडनचा डॉक्टर एका रुग्णाला साडेबावीस मिनिटं देतो, आपल्याकडे सुमारे दोन. आता यावर डॉक्टरांना झोडपणं सोपं आहे. पण ओपीडीची रांग फाटकाबाहेर गेलेली असते आणि आतला निवासी डॉक्टर रात्रभर जागा असतो. माणसं वाढवायला हवीत, त्याशिवाय हा प्रश्न पुरता सुटणार नाही, हे सरकारला कुणीतरी याच व्यासपीठावरून सांगावं. तरीही ती दोन मिनिटं कशी वापरायची, हे शिकता येतं.

"स्वभाव असतो हो एकेकाचा" हे वाक्य मला मुळीच पटत नाही. मागावर तुटलेला तार जोडायला कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. जॉबर शेजारी उभा राहतो, हात धरतो, चुकलं की तिथंच सांगतो. लॉस एंजेलिसच्या डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली हेच केलं. एका स्त्रीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवलं, आणि विद्यार्थी कसा वागला हे नंतर तिलाच विचारलं. तेव्हा त्यांची थट्टा झाली. आज जगभर परीक्षा त्या पद्धतीने होतात.

वाईट बातमी सांगण्याचीही रीत आहे. कॅन्सरच्या डॉक्टरांनी २००० साली तिच्या सहा पायऱ्या लिहून काढल्या. मला त्यातली तिसरी मोलाची वाटते: किती जाणून घ्यायचंय, हे आधी रुग्णालाच विचारा. आपल्याकडे गाडी इथंच अडते. थोरला मुलगा डॉक्टरांना व्हरांड्यात गाठतो, "आप्पांना काही सांगू नका" म्हणतो, आणि डॉक्टर मान डोलावतात. आत आप्पांना सगळं कळलेलं असतं. जमिनीची कागदपत्रं कुणाच्या नावे करायची, धाकटीचं लग्न उरकायचं का, हे त्यांना बोलायचं असतं, आणि खोलीत शिरणारा प्रत्येक जण हवापाण्याच्या गप्पा मारतो. घरच्यांचं मन न मोडता आप्पांपर्यंत कसं पोचायचं, याचं उत्तर परदेशी पुस्तकात नाही. ते तुम्हालाच काढावं लागेल आणि या दोन दिवसांत त्याला वेळ द्यावा, ही माझी विनंती.

२०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला 'एटकॉम' आलं: वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद. त्या पहिल्या तुकडीतली मुलं आता डॉक्टर होऊन कामाला लागली आहेत. चांगलंच झालं. पण अमेरिकेतल्याच एका महाविद्यालयाचा २००९ सालचा अभ्यास सांगतो, की विद्यार्थ्यांची सहानुभूती तिसऱ्या वर्षी घसरते, म्हणजे नेमकी वॉर्डात पाय ठेवल्यावर. वर्गात एटकॉमचा तास झाला आणि राऊंडला सरांनी खाटेवरच्या माणसाकडे न बघता "हा बारा नंबरचा लिव्हर" म्हटलं, तर पोरं कोणतं लक्षात ठेवणार? म्हणून शिकवण्याची सुरुवात शिकवणाऱ्यांपासून व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुण्यांना हे ऐकवणं स्वागताध्यक्षाला शोभत नाही, याची मला कल्पना आहे.

उद्या दुपारच्या सत्रात आमच्या कारखान्यातले काही कामगार आणि विडी वळणाऱ्या काही बायका रुग्ण म्हणून तुमच्यासमोर बसणार आहेत. तेलुगू, कन्नड, मराठी, जी यायची ती बोलतील. त्यांचा दिवसाचा पगार भरून दिलाय, तेव्हा घाई करू नका. प्रत्येकाच्या हातात गुणांचा कागद असेल. प्राध्यापक मंडळींना हात जोडून सांगतो, विद्यार्थ्यांना पुढे ढकलून मागच्या रांगेत बसू नका. पहिले तुम्ही या, आणि जाताना आपले गुण विचारून घ्या.