अण्णांची जीप आणि राहिलेला रकाना



आळ्यातली आमच्या अण्णांची जुनी फोर-व्हील जीप तुम्हाला आठवत असेल. गेल्या पावसाळ्यात ती मळ्याच्या वाटेवर काळ्या मातीत रुतली. एक पुढचं, एक मागचं चाक जागेवर गरगरत होतं. बाकीची दोन गप्प. जोडीतला एक बैल ढिला पडला की जू फिरतं आणि दुसऱ्याचाही जोर वाया जातो, तसंच डिफरन्शियलचं. ट्रॅक्टरला त्यासाठी लॉकचं पेडल असतं, जीपला नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये असले तरी डिग्री इंजिनिअरिंगची. पर्याय मांडले. आतले गिअर वेल्ड करणं सगळ्यांत स्वस्त. पण डांबरी वळणावर टायर घासतात, अ‍ॅक्सलवर ताण येतो. एअर लॉकर उत्तम, पण कॉम्प्रेसरसकट महाग. मधला पर्याय आपोआप लागणारा लॉकर. मी तोच ठरवला.

अण्णांनी एवढंच विचारलं, "पोरी, ओल्या घाटात वळणावर तो काय करील?"

उत्तर मला माहीत होतं. वळणात रेस दिली की दोन्ही चाकं एकत्र फिरतात, मागची बाजू सरकू शकते. अण्णा सत्तरी ओलांडलेले आणि अण्याचा घाट त्यांच्या रोजच्या वाटेवरचा! मी ऑर्डर थांबवली. सध्या खोल नक्षीचे टायर घातलेत. पैसे साठले की हवा तेव्हाच लागणारा लॉकर मागच्या अ‍ॅक्सलला बसवीन.

माझ्या कोष्टकात किमती होत्या. गाडी कोण चालवणार, हा रकानाच नव्हता. गणित सोडवण्याआधी उदाहरण पूर्ण वाचायचं, हे तर याच शाळेत शिकले होते.